ट्रॅप लीगच्या हंगामाची तयारी: रेंज ३०० किलोमीटरवर असताना घरी सराव कसा करावा?

होटगी रस्ता

नमस्कार. सोलापूर, बार्शी आणि अक्कलकोट परिसरातील आम्ही काही परवानाधारक मित्र हैदराबादच्या बाजूला एका शॉटगन रेंजवर ट्रॅप नेमबाजीच्या, म्हणजे यंत्राने हवेत फेकलेल्या तबकड्या बंदुकीने फोडण्याच्या खेळाच्या, हौशी लीगमध्ये भाग घेतो. तिचा निवड चाचणीशी किंवा पदकाशी काही संबंध नाही. वेगवेगळ्या गावांतील पाच-पाच जणांचे संघ महिन्यातून एकदा जमतात, प्रत्येक जण पंचवीस तबकड्यांच्या दोन फेऱ्या खेळतो आणि संघाच्या गुणांची बेरीज हंगामभर चालू राहते. यंदाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होईल आणि गड्ड्याच्या यात्रेचा आठवडा वगळून मार्चपर्यंत चालेल.

अडचण अशी आहे, की सोलापूरहून रेंज सुमारे ३०० किलोमीटरवर आहे आणि काडतुसांचा खर्चही कमी नाही, त्यामुळे प्रत्यक्ष बार काढण्याचा सराव आम्हाला महिन्यातून एखाद्या वेळीच करता येतो. मधल्या दिवसांत घरी राहून नेमकी कोणती तयारी करावी, याबद्दल जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. माझ्या स्वतःच्या खेळात दोन गोष्टी सारख्या दिसतात. मी उजव्या खांद्यावरून खेळतो आणि उजवीकडे जाणाऱ्या तबकड्या माझ्याकडून जास्त सुटतात. शिवाय पहिली फेरी बरी झाली, तरी दुसऱ्या फेरीच्या उत्तरार्धात गुण घसरतात.

आणखी दोन शंका आहेत. सध्या मी क्लबची, एकावर एक नळ्या असलेली बंदूक वापरतो. आजोबांची, शेजारी-शेजारी नळ्या असलेली १२ बोअरची दुनळी वारसाहक्काने माझ्या परवान्यावर आली आहे. ती या खेळासाठी वापरावी का? दुसरे म्हणजे, आमच्या एका मित्राची कोरडवाहू जमीन नान्नजच्या वाटेवर आहे आणि तेथे हाताने तबकड्या फेकून सराव करावा, असा विचार गटात चालला आहे. तो कितपत योग्य आहे?

पंधरा यंत्रे

आपण प्रश्न नेमका मांडला आहे, म्हणून उत्तरही थोडे सविस्तर देते. मी मूळची सोलापूरची असून बऱ्याच वर्षांपासून ट्रॅप खेळत आहे.

सर्वांत आधी एक गोष्ट स्पष्ट करावी: आपली लीग कोणत्या प्रकारच्या ट्रॅपवर खेळली जाते? ऑलिंपिक पद्धतीत नेमबाजांच्या पुढे १५ मीटरवर खंदक असतो, त्यात पंधरा यंत्रे बसवलेली असतात, तबकडी सुमारे ७६ मीटर जाईल इतक्या जोराने सुटते आणि डावी-उजवीकडे ४५ अंशांपर्यंत वळू शकते. अमेरिकन पद्धतीत मात्र एकच यंत्र असते, तबकडी साधारण ४५ मीटर जाईल इतक्याच वेगाने फेकली जाते, कोन बराच कमी असतो आणि एका तबकडीवर एकच बार मिळतो. डाउन द लाइन या ब्रिटिश पद्धतीतही यंत्र एकच असते, परंतु तेथे पहिल्या बाराने फुटलेल्या तबकडीला तीन आणि दुसऱ्या बाराने फुटलेल्या तबकडीला दोन गुण मिळतात. पायांची ठेवण, नळी कोठे रोखून (तबकडी सोडण्यासाठी) हाक द्यावी आणि दुसऱ्या बाराचे महत्त्व किती, हे सर्व या फरकावर ठरते. तरीही घरी करण्याच्या सरावाचा मोठा भाग तिन्हींना सारखाच लागू पडतो, तो आधी सांगते.

महाराष्ट्रात नेमबाजी म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर रायफल आणि पिस्तूल येते, आणि तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे यांच्यामुळे ते स्वाभाविकच आहे. परंतु रायफलचा सराव ज्या शिस्तीवर उभा असतो, ती शिस्त ट्रॅपमध्ये जशीच्या तशी आणली, तर नुकसान होते. रायफलमध्ये शरीर स्थिर करून साइट आणि लक्ष्य जुळवायचे असते. ट्रॅपमध्ये डोळे केवळ तबकडीवर असतात, नळीच्या टोकावरचा मणी पाहण्यासाठी नजर मागे आली, की बंदूक थांबते आणि थांबलेल्या बंदुकीचा बार तबकडीच्या मागे जातो. म्हणजे येथे साइटचे काम आपला डोळा करतो, आणि डोळा नळीच्या संदर्भात प्रत्येक वेळी एकाच जागी यावा, याची हमी फक्त एका गोष्टीने मिळते: गाल दस्त्यावर प्रत्येक वेळी त्याच ठिकाणी आणि तितकाच टेकलेला असणे. माझ्या मते हंगामाच्या तयारीत घरी करण्यासारखे हेच सर्वांत मोठे काम आहे, आणि त्याला एकही काडतूस लागत नाही.

त्याची रीत अशी. खोली बंद करावी, पडदे ओढावेत, बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे डोळ्यांनी पाहावे आणि बोट घालूनही तपासावे. काडतुसे त्या खोलीत नसावीतच. ती दुसऱ्या खोलीत कुलपात असावीत. मग भिंत आणि छत जेथे मिळतात त्या आडव्या रेषेकडे पाहत बंदूक खांद्याला लावावी. गाल दस्त्यावर आणावा, दस्त्यामागे मान लांबवत जाऊ नये. बंदूक वर आली, की नजर सरळ नळीवरच्या पट्टीच्या रेषेत पडली पाहिजे, मागाहून डोके हलवून जुळवून घ्यावे लागता कामा नये. काही दिवसांनी डोळे मिटून बंदूक लावावी आणि मग उघडून पाहावे. नजर रेषेत असेल, तर शरीराने ती जागा शिकून घेतली आहे असे समजावे.

पुढचा टप्पा फिरण्याचा आहे. पेनाएवढी लहान टॉर्च कागदात गुंडाळून नळीच्या तोंडात बसवावी आणि तिचा प्रकाशाचा ठिपका त्या छताच्या रेषेवरून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत न्यावा. हात वापरून बंदूक ढकलली, तर ठिपका रेषेवरून खाली घसरतो किंवा धक्के खात जातो. कमरेपासून वळल्यास तो सरळ जातो. दररोज दहा-पंधरा मिनिटे पुरेशी आहेत, कारण दमल्यावर केलेला सराव चुकीची जागा पक्की करतो. सराव संपताच टॉर्च काढून, नळीतून आरपार उजेड दिसतो हे पाहिल्याशिवाय बंदूक पेटीत ठेवू नये. नळीत राहिलेली एवढीशी वस्तू बाराच्या वेळी नळी फाडू शकते. हा सराव गच्चीवर मात्र कधीही करू नये. रिकामी असली तरी बंदूक घेऊन गच्चीवर उभा राहिलेला माणूस शेजाऱ्यांच्या मनात भीती निर्माण करतो, आणि ती भीती रास्त असते.

आता उजवीकडच्या तबकड्यांबद्दल. उजव्या खांद्यावरून खेळणारा माणूस डावीकडे वळतो, तेव्हा दस्ता गालाकडे दाबला जातो. उजवीकडे वळताना तो गालापासून दूर सरकतो. कंबर न वळता फक्त हात वळले, तर गाल आणि दस्ता यांच्यात फट पडते, डोळा वर उचलला जातो आणि बार तबकडीच्या वरून किंवा मागून निघून जातो. म्हणून उभे राहताना शरीराचा स्वाभाविक रोख सरळ समोर न ठेवता किंचित उजवीकडे ठेवून पाहावा, म्हणजे वळण्याची जास्त जागा उजव्या बाजूला शिल्लक राहील. वजन पुढच्या पायावर थोडे अधिक असावे आणि त्या पायाचा गुडघा ताठ नसावा. टॉर्चचा सरावही डावीकडून उजवीकडे अधिक वेळा करावा.

त्याआधी एक तपासणी अवश्य करून घ्यावी. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये लहानशी खिडकी करावी आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून तिच्यातून दूरची एखादी वस्तू पाहावी. मग एकेक डोळा मिटावा. जो डोळा उघडा असताना वस्तू खिडकीत राहते, तो आपला प्रधान डोळा. उजव्या खांद्यावरून खेळणाऱ्याचा प्रधान डोळा डावा असेल, तर कितीही सराव केला तरी नेम बाजूला जातो, आणि त्यावर उपाय वेगळा करावा लागतो. एक तर खांदा बदलावा, किंवा चष्म्याच्या डाव्या काचेवर योग्य जागी अर्धपारदर्शक पट्टीचा लहान तुकडा चिकटवावा.

जुनी नळी

आजोबांच्या दुनळीबद्दल मी सांगतो, कारण घराघरांत जपलेल्या अशा बंदुका हा माझ्या आस्थेचा विषय आहे.

प्रथम तिच्या काडतुसाच्या घराची लांबी मोजून घ्यावी. जुन्या १२ बोअरच्या अनेक बंदुकांचे घर ६५ मिलिमीटरचे असते आणि आज मिळणारी बहुतेक काडतुसे ७० मिलिमीटरची असतात. ही लांबी काडतूस उघडल्यानंतरची असते, त्यामुळे बंद तोंडाचे ७० मिलिमीटरचे काडतूस लहान घरात सहज बसते आणि सर्व काही ठीक आहे असा समज होतो. परंतु बार होताना त्याचे तोंड उघडायला पुरेशी जागा मिळत नाही आणि नळीतील दाब धोकादायक रीतीने वाढतो. लांबी आणि चाचणीचे शिक्के नळ्यांच्या खालच्या, सपाट बाजूस कोरलेले असतात. ते वाचता येत नसतील, तर परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याकडून मोजून घ्यावे. नळीच्या पोलादावर लाकडाच्या रेषांसारखी नक्षी दिसत असेल, तर ती दमास्कस पद्धतीची, पट्ट्या वळवून जोडलेली नळी असू शकते, आणि अशा नळीतून आधुनिक काडतूस कधीही उडवू नये.

समजा या सर्व कसोट्यांना ती उतरली, तरीही लीगसाठी मी ती सुचवणार नाही. अशा दुनळीची घडण रानात फिरून शिकार करण्यासाठी झालेली असते: वजन कमी, दस्ता खाली झुकलेला, म्हणून हलक्या बंदुकीचा धक्का अधिक बसतो आणि नळी सपाट मारा करते. ट्रॅपची तबकडी वर चढत असताना फोडायची असते, त्यामुळे ट्रॅपच्या बंदुकीचा दस्ता उंच ठेवून ती मुद्दाम किंचित वर मारेल अशी बनवतात, म्हणजे नेम धरताना तबकडी नळीआड झाकली जात नाही. दोन वेगळ्या ठेवणींच्या बंदुका आलटून पालटून वापरल्या, तर वर ताईंनी सांगितलेली गालाची जागा पक्कीच होणार नाही. ज्या क्लबच्या बंदुकीने आपण खेळता, तीच बंदूक प्रत्येक खेपेला मिळेल अशी विनंती क्लबला करून ठेवावी आणि तिच्या दस्त्याची लांबी आपल्या हाताला जुळते का, हे एकदा प्रशिक्षकांकडून पाहून घ्यावे.

घरच्या सरावासाठी मात्र दुनळीचा उपयोग आहे का, असा प्रश्न येईल. वळण्याचा सराव तिच्यावर करता येतो, गालाचा नव्हे. दस्त्याच्या पाठीवर मऊ पॅड बांधून उंची क्लबच्या बंदुकीइतकी करून घेतली, तर तोही काही प्रमाणात साधतो. रिकामा चाप ओढायचा असेल, तर डमी काडतुसे घालूनच ओढावा, अन्यथा जुन्या बंदुकीच्या आतील टाचण्या तुटतात.

काडतुसाबद्दल थोडेसे. आंतरराष्ट्रीय ट्रॅपमध्ये छऱ्यांचे वजन २४ ग्रॅमपर्यंत मर्यादित असते आणि साडेसात नंबरचे छर्रे घेतल्यास त्यात सुमारे तीनशे छर्रे येतात. फुल चोकमधून (तोंडाशी सर्वांत आवळलेल्या नळीतून) ४० यार्डांवर, म्हणजे साडेछत्तीस मीटरवर, त्यांतील साधारण ७० टक्के छर्रे ३० इंची वर्तुळात पडतात, असे प्रमाण धरलेले आहे. तरीही प्रत्येक नळी आणि प्रत्येक काडतूस यांची जोडी वेगळी वागते. रेंजवर परवानगी असेल, तर हंगामापूर्वी एकदा मोठ्या कागदावर बार काढून छऱ्यांचा पसारा पाहावा, आणि एकदा ठरवलेले काडतूस हंगामाच्या मध्यावर बदलू नये.

होटगी रस्ता

आपण दोघांनीही फार मोलाचे मार्गदर्शन केले आहे. आमची लीग पंधरा यंत्रांच्या खंदकावर, ऑलिंपिक पद्धतीनेच खेळली जाते आणि एका तबकडीवर दोन बार मिळतात. गुण मात्र फुटलेल्या तबकडीला एक असा साधा आहे. डोळ्यांची तपासणी केली, माझा प्रधान डोळा उजवाच आहे. बंदुकीचे शिक्के वाचून घेण्यासाठी दुरुस्ती करणाऱ्याकडे जाणार आहे. तोपर्यंत तिचा विचार बाजूला ठेवतो.

ताईंना एक विचारावेसे वाटते. तबकडीच्या किती पुढे बार टाकावा, याबद्दल आमच्या गटात प्रत्येक जण वेगळे सांगतो. आणि दुसऱ्या फेरीतील घसरणीबद्दल काही सुचवाल का?

पंधरा यंत्रे

पुढे किती, या प्रश्नाचे गणित सांगता येते, परंतु ते खेळताना वापरता येत नाही. छऱ्यांना ३५ मीटर जायला एक दशांश सेकंदापेक्षा किंचित जास्त वेळ लागतो. ताशी १०० किलोमीटरपेक्षा अधिक वेगाने सुटलेली तबकडी तोपर्यंत थोडी मंदावलेली असली, तरी तेवढ्या वेळात अडीच मीटरांच्या आसपास पुढे गेलेली असते. ती आपल्यापासून तिरकी दूर जात असल्याने हे सर्व अंतर आडवे दिसत नाही, त्यातील काही भागच दिसतो. मागून येणारी नळी तबकडीला ओलांडून पुढे जात असतानाच चाप ओढला आणि ओढल्यानंतरही नळी थांबवली नाही, तर आवश्यक ते अंतर बंदुकीच्या गतीतूनच मिळते. मीटर मोजू लागलेला माणूस मणी पाहू लागतो, आणि मणी पाहणाऱ्याची बंदूक थांबते.

पंधरा यंत्रांच्या खंदकाची रचना मात्र मनात पक्की असावी. नेमबाज उभा राहतो त्या प्रत्येक स्थानासमोर तीन यंत्रे असतात. डावे यंत्र उजवीकडे, उजवे यंत्र डावीकडे आणि मधले साधारण समोर फेकते. पंचवीस तबकड्यांत प्रत्येकाला दहा डाव्या, दहा उजव्या आणि पाच मधल्या मिळतील अशीच योजना असते. याचा अर्थ उजवीकडची तबकडी ही आपल्या वाट्याला अधूनमधून येणारी अडचण नसून फेरीतील पाचांपैकी दोन तबकड्यांचा प्रश्न आहे, म्हणून घरच्या सरावात तिला झुकते माप द्यावे. असे असले, तरी पुढची तबकडी कोणती येईल याचा अंदाज बांधत उभे राहू नये. नळी खंदकाच्या छतावरील खुणेवर, नजर मात्र तिच्या थोडी पुढे आणि सैल ठेवावी, एका बिंदूवर रोखू नये. तबकडीची पहिली चाहूल ही रेषेसारखी, धूसर असते. त्या रेषेमागे धावून न जाता तबकडी स्वच्छ दिसेपर्यंत बंदूक हलवू नये. हे वाचताना विलंब वाटेल, परंतु हा सगळा व्यवहार सेकंदाहून कमी वेळात होतो आणि घाईने हललेली नळी परत आणण्यातच जास्त वेळ जातो.

दुसऱ्या फेरीच्या घसरणीमागे बहुतेक वेळा दोन कारणे असतात. पहिले शरीराचे. साडेतीन किलोंच्या आसपासची बंदूक पुन्हा पुन्हा उचलून पुढचा हात दमतो आणि दमलेला हात नळी खाली सोडतो. शिवाय दमलेली मान डोके वर उचलते. आठवड्यातून काही वेळा खांदा, पाठ आणि पोटाच्या स्नायूंचा साधा व्यायाम करावा, दोन हाकांमधील वेळात बंदूक उघडून हातावर किंवा बुटावरील पॅडवर टेकवून ठेवावी, आणि तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. पहाटे सोलापूर सोडून ३०० किलोमीटर गाडी चालवून लगेच स्थानावर उभे राहणे हेच दुसऱ्या फेरीचे गुण कमी करते; शक्य असल्यास आदल्या रात्री मुक्कामाला जावे.

दुसरे कारण मोजदादीचे आहे. पंधरा तबकड्या सलग फुटल्या, की मन उरलेल्यांची बेरीज करू लागते. यावर उपाय म्हणजे प्रत्येक तबकडीपूर्वीचा ठरलेला क्रम: पाय, काडतूस, एक श्वास, बंदूक खांद्याला, गाल, नजर, हाक. हा क्रम घरच्या सरावातही शब्दशः तोच ठेवावा, हाकही तेवढ्याच आवाजात द्यावी. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत किनान चेनाई, झोरावर सिंग संधू आणि पृथ्वीराज तोंडैमान यांनी सांघिक ट्रॅपचे सुवर्णपदक जिंकले, तेव्हा तिघांचे मिळून ३७५ पैकी ३६१ गुण होते. पंधरा फेऱ्यांची सरासरी प्रत्येकी चोवीसच्या वर जाते. सांघिक बेरजेला एखादी अप्रतिम फेरी फारशी उपयोगी पडत नाही, न कोसळणारी फेरी उपयोगी पडते. आपल्या लीगचीही बेरीज सांघिकच आहे, म्हणून हे उदाहरण दिले.

माळरान

मी नान्नज परिसरात पक्षी पाहतो आणि नोंदी ठेवतो. शेतात तबकड्या फेकून गोळीबार करण्याच्या विचाराबद्दल मला मनापासून विनंती करायची आहे, की तो सोडून द्यावा.

नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये घोषित झाले. माळढोक आता तेथे क्वचितच दिसतो आणि जगातून नाहीसा होण्याच्या उंबरठ्यावर असलेल्या पक्ष्यांत त्याची गणना होते. परंतु ते गवताळ माळ धाविक, चंडोल, काळवीट आणि लांडगा यांचेही घर आहे. आपल्या मित्राची जमीन अभयारण्याच्या हद्दीबाहेर असेलही, तरी १२ बोअरचा आवाज हद्द पाहत नाही. साडेसात नंबरचा छर्रा सुमारे दोनशे मीटरपर्यंत जाऊन पडतो आणि म्हणूनच रेंजवर समोरचा जवळपास पावणेतीनशे मीटरचा पट्टा निर्मनुष्य ठेवलेला असतो. कोरडवाहू शेताच्या बांधापलीकडे मेंढपाळ बसलेला असतो, कोणी शेळ्या घेऊन आडव्या वाटेने येतो. ते तेथे नसतील याची खात्री शेतात कोण देणार?

दुसरी बाब शिशाची. प्रत्येक काडतुसातील २४ ग्रॅम शिसे जमिनीत राहते. दाणे टिपणारे पक्षी पोटात खडे गिळतात, कारण त्यांच्यात दाणे दळले जातात. छर्रा त्यांना खड्यासारखाच दिसतो, आणि गिळलेले शिसे हळूहळू रक्तात उतरते. रेंजवर शिसे एका ठरलेल्या पट्ट्यात पडते आणि ते गोळा करता येते, माळावर तसे होत नाही. तबकड्यांमध्येही चुनखडीबरोबर डांबरासारखे पीच असते, त्यांचे तुकडे चरणाऱ्या जनावरांच्या तोंडी जाऊ नयेत.

गोळीबाराशिवाय मात्र आपल्याला त्या शेताचा उपयोग करता येईल. ज्वारी काढल्यानंतरच्या मोकळ्या रानात मित्राने हाताच्या फेकणीने तबकडी फेकावी आणि आपण बंदूक न नेता केवळ नजरेने, किंवा बोट रोखून, तिचा माग घ्यावा. मऊ मातीवर पडलेल्या तबकड्या बऱ्याचदा फुटत नाहीत, त्या उचलून पुन्हा वापराव्यात. पक्षी पाहणाऱ्यांची नजर अशीच तयार होते: माळावरून अचानक उठलेल्या पाखराचा मार्ग डोळ्यांनी धरायचा, मान आणि खांदे सैल ठेवायचे. नजरेचे हे काम ट्रॅपच्या खेळाडूलाही करावे लागते, असे ताईंच्या लिहिण्यावरून वाटते.

सुभेदार, निवृत्त

माळरान यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याच्या लेखी संमतीशिवाय शेतात सरावाचे बार काढणे म्हणजे स्वतःचा परवाना धोक्यात घालणे होय.

ताईंच्या एका मुद्द्यात मात्र थोडी भर घालतो. घरचा सराव अत्यंत आवश्यक आहे, तरीही त्याला एक मर्यादा आहे. शेजारच्या स्थानावरचा बार, काडतुसाच्या धुराचा वास, स्क्वॉडची (एकत्र खेळणाऱ्या गटाची) लय आणि आपली पाळी येईपर्यंतची शांतता या गोष्टी खोलीत मिळत नाहीत. ज्याने केवळ भिंतीवर सराव केला आहे, तो पहिल्या पाच तबकड्या त्या वातावरणाशी जुळवून घेण्यातच घालवतो. म्हणून हंगामाच्या पहिल्या सामन्याआधी रेंजवर एक खेप अशी करावी, की तीत गुणांची नोंदच ठेवायची नाही. मोजकी काडतुसे न्यावीत, इतरांच्या स्थानामागे उभे राहून कान झाकून तबकड्या पाहाव्यात, आणि आपल्या पाळीला फक्त उजवीकडच्या तबकड्यांकडे लक्ष द्यावे. प्रत्येक फेरीनंतर वहीत एवढेच लिहावे, की कोणत्या स्थानावर, कोणत्या दिशेची तबकडी सुटली आणि गाल दस्त्यावर होता की नव्हता. महिन्याभराने ती वही वाचली, की घरी कशाचा सराव करायचा, ते कोणाला विचारावे लागत नाही.

कागदपत्रांची तयारी बहुतेक जण शेवटच्या आठवड्यात करतात, ती आजच सुरू करावी. क्लबची बंदूक वापरत असलात, तरी काडतुसे स्वतःच्या परवान्यावर नेत असाल, तर परवान्यावरील कार्यक्षेत्र वाचा. उमरग्यापुढे हा रस्ता कर्नाटकात शिरतो, हुमनाबादवरून पुढे जहीराबादला तेलंगण लागते. म्हणजे एका प्रवासात तीन राज्ये येतात आणि केवळ महाराष्ट्रापुरता वैध असलेला परवाना येथे चालत नाही. संपूर्ण भारतासाठी कार्यक्षेत्र वाढवून घेण्याचा अर्ज शहरात राहणाऱ्याने पोलिस आयुक्तालयात आणि ग्रामीण भागातील व्यक्तीने जिल्हाधिकारी कार्यालयात करावा. परवान्यावर कोणते कारण नमूद आहे, तेही पाहावे. पीकसंरक्षणासाठी दिलेल्या परवान्यावर क्रीडेचा उल्लेख करून घ्यायचा असेल, तर त्याच वेळी तशी विनंती करावी आणि क्लबच्या सदस्यत्वाचे पत्र सोबत जोडावे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे, तथापि जुन्या परवान्यावरील तारीख स्वतः वाचून खात्री करावी.

हंगामात कोठलीही निवडणूक जाहीर झाली, तर आचारसंहितेच्या काळात शस्त्रे जमा करण्याचे आदेश निघू शकतात. नेमबाजी संघटनेच्या खेळाडूंना त्यातून सवलत मिळण्याची तरतूद असते, परंतु ती आपोआप मिळेल असे गृहीत धरू नये; आपल्या गटातील कोण तिला पात्र आहे, हे क्लबकडून आधीच लिहून घ्यावे आणि संघात एखादा राखीव खेळाडू ठेवावा.

प्रवासात मूळ परवाना जवळ असावा. स्वतःची बंदूक नेलीच, तर ती सुटी करून पेटीत आणि काडतुसे वेगळ्या पेटीत ठेवावीत. वाटेत जेवायला थांबल्यावर गाडी नजरेआड सोडू नये. आमच्या वेळी आम्ही कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही सोबत नेत असू, त्यामुळे थांबावेच लागत नसे. रेंजवर मात्र खाण्यापूर्वी हात साबणाने स्वच्छ धुवावेत, कारण काडतुसे हाताळलेल्या बोटांवर शिशाचा अंश असतो. कानांसाठी आतली बोंडे आणि वरचे झाकण, दोन्ही वापरावीत. १२ बोअरचा आवाज १४० डेसिबलच्या पुढे जातो आणि एकदा गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. चष्म्याच्या दोन काचा ठेवाव्यात, सकाळच्या मंद उजेडासाठी फिकट पिवळी आणि दुपारसाठी गडद.

आपल्या संघातील बार्शीच्या आणि अक्कलकोटच्या मित्रांचे परवाने ग्रामीण हद्दीतील असतील, म्हणजे त्यांचे अर्ज वेगळ्या कार्यालयात जातील. सर्वांचे कागद एकाच वेळी हातात येणार नाहीत, हे धरून तारखा ठरवाव्यात.